रिकाम्या गाडीतले नऊ किलो

गाडीचं वजन किती, या सरळ प्रश्नाला तीन कंपन्या तीन उत्तरं देतात आणि तिन्ही खरी असतात, हे वैजयंता इंगवलेला वजन केंद्रातल्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. त्यानंतरची एकवीस वर्षं ती खऱ्या उत्तरांमधून वजन शोधून काढायचं काम करत होती. सरकारनं त्याबद्दल तिला एक खोली, एक पंखा आणि 'प्रमुख वजन अधिकारी' अशी पाटी दिली होती. पंखा फिरत नसे. पाटी मात्र वाऱ्यानं हलायची.

कोल्हापूर ते सातारा हलका पूल बांधायचं ठरलं नसतं, तर या खोलीत कुणी डोकावलंही नसतं. महामार्गाच्या डोक्यावरून जाणारा हा पूल सिमेंटचा नव्हता. सह्याद्रीचा काळा कातळ वितळवून त्याचे केसासारखे धागे काढायचे, ते विणायचे आणि त्या विणीचीच सडक करायची, अशी ती करामत होती. त्यामुळे पूल बारीक, खांब बारीक आणि खर्चही बारीक, असं मंत्री म्हणाले होते. अट एकच. गाडी साडेपाचशे किलोच्या आत हवी. माणसं आणि सामान मिळून वर दीडशे.

झालं. ज्या अडीच टनी गाड्या आजवर रस्त्याचे जावई म्हणून वावरत होत्या, त्या पुलाखालच्या कोंडीत उभ्या राहणार हे स्पष्ट झालं. वर जाऊ शकतील अशा उरल्या फक्त दोन माणसांच्या, बुटक्या, चपट्या स्पोर्ट्‌स कार. एके काळी त्या श्रीमंतांची पोरं गल्ली जागी करायला घेत. आता २०४३ साली बँकेतले कॅशियर आणि जीवशास्त्राचे प्राध्यापक त्यांची चौकशी करू लागले. पूर्वी लोक गाडीबद्दल विचारायचे, "ॲव्हरेज किती देते?" आता विचारायला लागले, "भरते किती?"

आणि इथंच ती तीन खरी उत्तरं आडवी यायची.

लाडकर मोटर्सच्या 'सुसाट'चं माहितीपत्रक म्हणायचं, चारशे अठ्ठ्याण्णव किलो. गाडी काट्यावर घातली की सहाशे बारा. लाडकरांचा माणूस शांतपणे सांगायचा, "मॅडम, बॅटरी आम्ही भाड्यानं देतो. ती गाडीचा भाग नाही. घरभाडेकरूला आपण कुटुंबात मोजतो का?" 'पाकोळी'वाले बॅटरी धरायचे, पण काचा पुसायचं पाणी, थंडाव्याचं पाणी, जादा चाक, जॅक आणि गाणी वाजवायचं यंत्र वगळायचे. तिसरी एक परदेशी कंपनी सगळं धरायची, वर चालकही धरायची, पण तो चालक अडुसष्ट किलोचा. असा चालक कोल्हापुरात शोधायला गेलं तर दवाखान्यातच सापडला असता. वैजयंता लोकांना सांगायची, "दोन गाड्यांची तुलना करायची तर आधी दोघींना सारखे कपडे घाला. एकीला कोरडी आणि उपाशी तोलायची, दुसरीला जेवूनखाऊन, ही तुलना नव्हे." लोक मान डोलवायचे आणि जो आकडा सर्वात लहान, तीच गाडी बुक करून यायचे.

म्हणून मग ठोकाकाटा आला.

साधा भुईकाटा गाडीचं एकूण वजन सांगतो. आत काय आहे ते सांगत नाही. ठोकाकाटा गाडी चालत असतानाच तोलतो. रस्त्यात तीन मिलिमीटर उंचीची पट्टी असते. चाक तिच्यावरून गेलं की गाडीला बारीकसा ठोका बसतो, आणि त्या ठोक्यानं गाडीतली प्रत्येक वस्तू आपापल्या चालीनं हलते. स्प्रिंगांवर बसलेलं गाडीचं धड सेकंदाला दीडेक वेळा झुलतं. चाकं दहा-बारा वेळा थरथरतात. आणि सीटवर बसलेला माणूस चार-पाच वेळा डुचमळतो, मग तो आमदार असो की कंडक्टर. शिवाय लोखंड हललं की थोडा वेळ हलतच राहतं, पण मांस ठोका गिळून टाकतं. बाजारात आपण कलिंगडाला टिचकी मारून आतला गर ओळखतो, तसं पट्टीखालचे थरथर टिपणारे धागे हे सगळं ऐकतात आणि फळ्यावर तीन आकडे उमटतात : गाडी, सामान, जीव.

पुलाचा शिरोलीपासूनचा पहिला वीस किलोमीटरचा तुकडा गेल्या वर्षी उघडला, तेव्हा नाक्यावरचा हा फळा लोकांना फार जड गेला. 'जीव' या रकान्यात माणसांची संख्या आणि त्यांचं मिळून वजन यायचं. घरून एकटे निघालेले गृहस्थ फळ्यावर दोन दिसायला लागले. लग्न जुळवणाऱ्या एक बाई पत्रिकेसोबत नाक्याची पावती मागू लागल्या. जिल्ह्यातल्या मान्यवरांनी एकमुखानं मागणी केली की मान्यवरांचं वजन गोपनीय ठेवण्यात यावं. ती मागणी विचाराधीन होती.

या सगळ्यात वैजयंताचा धाकटा भाऊ उदय यानं गाडी बनवायला घेतली.

उदय इंगवले चव्वेचाळीस वर्षांचा, हातानं हुशार, तोंडानं फटकळ. उसाच्या चिपाडाचे तंतू काढून ते चिवट रसात भिजवून दाबले की पत्र्याइतकं टणक आणि पत्र्याच्या निम्म्या वजनाचं पान तयार होतं, हे त्यानं शोधून काढलं होतं. त्या पानांची त्यानं गाडी बांधली. नाव ठेवलं 'चपळ'. तीन वर्षं तो आणि त्याचे चाळीस कामगार एवढ्या एका गाडीमागे होते. तिला पुलाचा दाखला मिळाला तर कारखाना उभा राहणार होता. नाही मिळाला, तर चाळीस जण घरी आणि उदय परत दुसऱ्याच्या गॅरेजात.

दाखला देणार होती त्याची बहीण. वैजयंतानं मुंबईला रीतसर पत्र लिहिलं होतं की गाडी सख्ख्या भावाची आहे, दुसरा अधिकारी नेमावा. उत्तर आलं : 'विभागात दुसरा अधिकारी उपलब्ध नाही. आपण योग्य ती दक्षता घ्यावी.' दक्षता म्हणून तिनं वजनाच्या दिवशी भावाला चहा पाजला नाही.

श्रावणाच्या पहिल्या गुरुवारी 'चपळ' पट्टीवरून गेली. चाचणीची गाडी स्वतःच चालते, आत कुणी बसत नाही. काट्यावर सिकंदर मुजावर होता. वीस वर्षांपासून तो तिच्या हाताखाली होता आणि यंत्रापेक्षा मोठ्यानं आकडे वाचायचा.

"गाडी पाचशे सत्तेचाळीस! सामान शून्य! जीव शून्य!"

उदयनं खिशातून पेढ्यांचा पुडा काढला. वैजयंता म्हणाली, "माझ्या खणात ठेव. अजून अर्धीच झाली."

नियम असा होता की पहिल्या वजनानंतर गाडी आठ दिवस केंद्राच्या शेडमध्ये सीलबंद ठेवायची आणि मग पुन्हा तोलायची. पूर्वी एका कंपनीनं टायरांत हवेऐवजी हेलियम भरून गाडी आणली होती, तेव्हापासूनचा हा नियम. हेलियमनं फरक पडला होता तो फक्त काही ग्रॅमचा, पण कंपनीची उमेद पाहून सरकार घाबरलं होतं.

आठ दिवस कोल्हापुरात श्रावण भुरभुरत होता. शेडला छप्पर होतं, भिंती नव्हत्या. नवव्या दिवशी सील तोडलं, गाडी पट्टीवरून गेली आणि सिकंदरचा आवाज मध्येच थांबला.

"काय झालं?" वैजयंतानं विचारलं.

"मॅडम, गाडी पाचशे सत्तेचाळीस." तो हळू आवाजात म्हणाला, म्हणजे सगळ्यांना ऐकू गेलं. "सामान शून्य. आणि... जीव एक. नऊ किलो."

"काय?"

"नऊ किलो म्हणजे दहा महिन्यांचं पोर झालं, मॅडम!"

पुढची पाच मिनिटं कुणी कुणाचं ऐकलं नाही. सिकंदर धावत जाऊन गाडीखाली झोपला. शिपायानं बॉनेट उघडलं. मांजर असेल म्हणून कुणीतरी दूध आणलं. सीटा काढल्या, सीटांखाली पाहिलं. गाडी पूर्ण रिकामी होती. पुन्हा पट्टीवरून नेली. जीव एक, नऊ किलो. मग साध्या भुईकाट्यावर नेऊन उभी केली. त्याला जीवाचं काही कळत नव्हतं, त्यानं सरळ सांगितलं : पाचशे छपन्न.

"जिन्न असंल," सिकंदर म्हणाला.

"जिन्नाला वजन नसतं." वैजयंता गाडीभोवती फिरली. तिनं दाराच्या पानावर बोटाची टिचकी मारली. पहिल्या दिवशी याच पानाचा आवाज टणटणीत आला होता, आज तो बद्द आला. तिनं नाक जवळ नेलं. ओल्या चिपाडाचा वास येत होता.

जीव कुणाचाच नव्हता. पानं पाणी प्यायली होती. ओली पानं मऊ पडली होती आणि मांसासारखा ठोका गिळत होती, म्हणून यंत्रानं त्यांना माणसात धरलं होतं. आता तिला एवढंच विचारायचं होतं की पहिल्या दिवशी, तोही श्रावणात, गाडी इतकी कोरडी होती कशी?

याचं उत्तर घरातच बसलं होतं.

त्यांचे वडील, एक्याऐंशी वर्षांचे आबा इंगवले, गंगावेशीकडच्या तालमीचे वस्ताद होते. चाळीस वर्षं त्यांनी पैलवान घडवले. संध्याकाळी वैजयंता घरी आली तेव्हा ते सोप्यात बसून बदाम सोलत होते.

"आबा, उदयनं गाडी वाळवली होती?"

"वाळवली म्हंजे? चांगली तीन दिवस वाळवली." आबांच्या चेहऱ्यावर अभिमान होता. "वडणग्याच्या गुऱ्हाळात, चुलवाणाशेजारी. मीच सांगितलं त्याला. ऐन श्रावणात गुऱ्हाळ पेटलं म्हणून गावातली माणसं काकवीला किटल्या घेऊन आली. आत बघत्यात तर मोटार!"

"आबा, ही फसवणूक झाली."

"कसली फसवणूक?" आबांना खरंच कळलं नाही. "आगं, वजनाच्या दिवशी पैलवान कोरडा न्यायचा, ही रीतच हाय. दोन दिवस पाणी तोडायचं, घोंगडी पांघरून पळवायचं, घाम काढायचा. काट्यावर चढला, आकडा लिवला, की खाली उतरून प्यायचं दोन तांबे पाणी. सगळेच करत्यात. एकदा गडी कुस्तीच्या हौद्यात उतरला की वजन कोण बघतंय?"

"हौद्याखाली माती असते, आबा. पुलाखाली हवा आहे."

आबा बदाम सोलायचे थांबले. "नऊ किलोनं पूल पडंल?"

"नाही पडणार."

"मग?"

वैजयंतानं पर्स खुंटीला अडकवली. ती हातपाय धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी उदय केंद्रात आला. सिकंदरनं त्याला खुर्ची दिली आणि स्वतः दाराबाहेर, नीट ऐकू येईल अशा ठिकाणी, उभा राहिला.

"आक्का, पावसाचं वजन माझ्या गाडीच्या नावावर का?" उदय बसलाच नाही. "आभाळातून पडलेलं पाणी आहे ते. मी घातलंय का?"

"गाडीत आहे ना? मग गाडीचं."

"हिशेब बघ. दोन खांबांमधल्या एका गाळ्यावर एका वेळी पाच गाड्या. पाच नव्वे पंचेचाळीस. म्हणजे कॉलेजातलं एक बारकं पोर. एका पोरानं तुझा पूल पडतो?"

"नाही पडत. बांधणाऱ्यानं तेवढी जागा सोडली आहे. पण ती तुझ्या एकट्यासाठी नाही. लाडकर म्हणतो बॅटरी भाडेकरू आहे. पाकोळीवाले म्हणतात पाणी धरू नका. आता तू म्हणतोस पाऊस माझा नाही. प्रत्येकाला वाटतं ती सोडलेली जागा आपल्याच बापाची."

"मॅडम," सिकंदरनं दारातून मान आत घातली, "कागद पहिल्या दिवसाचाच लावला तर? दुसऱ्या दिवशी यंत्रात बिघाड, असं..."

"सिकंदर, यंत्रात बिघाड नव्हता. त्यानं नऊ किलो बरोब्बर शोधले. फक्त नाव चुकीचं दिलं."

उदयनं टेबलावर दोन्ही हात टेकले. आवाज एकदम खाली आला. "चाळीस माणसं आहेत, आक्का. विष्णू लोहार आहे, तुझ्या लग्नात त्यानं मांडव घातला. त्यांना काय सांगू? बहिणीनं पावसाचं पाणी मोजलं?"

तिनं भावाकडं पाहिलं. त्याच्या बोटांच्या पेरांत चिपाडाचे तंतू रुतून काळे झाले होते. ती दाखल्यावर पाचशे सत्तेचाळीस लिहू शकली असती. मुंबईत कुणी विचारलं नसतं, पूल पडला नसता आणि कागद खोटाही ठरला नसता, कारण अमुक दिवशी अमुक वाजता गाडीचं वजन तेवढंच होतं. एकवीस वर्षं ज्या जातीच्या खऱ्या उत्तरांशी ती भांडली, त्याच जातीचं हे एक होतं. फक्त ते घरचं होतं.

तिनं कागद ओढला आणि लिहिलं : पाचशे छपन्न. अपात्र.

उदय आकडा वाचून वळला. गेला. पेढ्यांचा पुडा नऊ दिवसांपासून तिच्या टेबलाच्या खणात होता, तो सिकंदरनं वास घेऊन बाहेर टाकला.

राखीपौर्णिमेला उदय आला नाही. वैजयंतानं राखी पाकिटात घालून पाठवली. ती पोहोचल्याचं आबांकडून कळलं. "खिशात हाय त्याच्या," ते म्हणाले. "बांधत नाही आन् टाकत बी नाही. बैल जसा दावणीला उभा ऱ्हातोय तसा उभा हाय गडी." मग थोड्या वेळानं, आपल्याशीच बोलल्यासारखं, ते म्हणाले, "आमचा एक पैलवान असाच कोरडा करून नेला हुता मी. आकडा बसला. कुस्ती बी जितली. पर आयुष्यभराचं मूत्रपिंड गेलं त्याचं. ते मी कुठं लिवलंच न्हाई."

दसऱ्यानंतर आठ दिवसांनी 'चपळ' पुन्हा केंद्रात आली. सोबत उदय नव्हता, विष्णू लोहार होता. त्यानं एक चिठ्ठी दिली : 'गाडी ओली करून पाठवली आहे. रात्रभर पाण्यात होती. याहून जास्त भिजत नाही. तोला.'

पट्टीवरून गेली. गाडी आणि जीव, दोन्ही आकड्यांची बेरीज पाचशे पंचवीस. गाडीनं एकतीस किलो टाकले होते. वैजयंतानं आत पाहिलं. डावीकडची सीट, तिचा पट्टा, तिची बैठक, तिच्या बाजूचं दार, सगळं गेलेलं. त्या जागी सरळ एकसंध पान लावलेलं होतं. गाडी एका माणसाची झाली होती.

तिनं दाखला लिहिला. पात्र. तो आकडा तिनं दोनदा वाचला. त्यात कुठंच काही खोटं नव्हतं.

बाजारात 'चपळ'नं धमाल उडवली. भिजलेलं वजन छापणारी ती पहिलीच गाडी, त्यामुळे लोकांना वाटलं भिजलेलं वजन म्हणजे काहीतरी जास्तीचं मिळतंय. एकटा माणूस, एकटी गाडी; फळ्यावर जीव एक. घरोघरी शांतता झाली. नवरे एका चपळमधून जायचे, बायका दुसरीतून. लाडकरांनीही सीट काढली. पाकोळीनं तर सीट काढून तिची जागाही काढली.

मार्गशीर्षात पूल साताऱ्यापर्यंत खुला झाला. त्या सकाळी सात वाजता वैजयंताच्या दाराशी हॉर्न वाजला. बाहेर लाल रंगाची 'चपळ' उभी होती आणि तिला टेकून उदय. मनगटावर श्रावणातली राखी होती, रंग उडालेली.

"बस," तो म्हणाला.

"कुठं बसू? एकच तर सीट आहे."

"मग एकीवरच बस. तू चालव. पहिल्या दिवशी पुलावरून साताऱ्याला मालकानं जायचं असतं. ही तुझ्या आकड्यावर उभी राहिली, तर मालक तू."

"आणि तू?"

"मी एस.टी.नं येतो मागनं. साडेसातची आहे."

"अरे, ती खालून येणार. तीन तास लागतील."

"मग थांब की. तुला काय, बसून आकडेच मोजायचेत."

ती निघाली. नाक्यावर ठोका बसला तेव्हा फळ्यावर सगळ्या जगाला दिसेल असं उमटलं : गाडी पाचशे अठरा, सामान तीन, जीव एक, एकाहत्तर. तिनं त्याकडं पाहिलं आणि वेग वाढवला. पूल सुरेख होता. खाली महामार्गावर कोंडी मुंगीच्या पावलानं चालली होती, आणि तिच्यात एक लाल बस होती की नव्हती, ते एवढ्या उंचीवरून कळत नव्हतं. वर सगळ्या गाड्या एकामागोमाग सुळसुळत होत्या आणि प्रत्येकीत एक माणूस समोर बघत होता.

पंचावन्न मिनिटांत सातारा आला. गाडी लावून ती बसस्थानकात गेली आणि कोल्हापूरच्या गाड्या लागतात त्या फलाटासमोरच्या बाकावर बसली. सामान तीन म्हणजे दोघांचा डबा होता. तो मांडीवर घेतला. बाक दोघांचा होता. शेजारच्या जागेवर तिनं रुमाल टाकला.

थोड्या वेळानं एक टोपीवाले गृहस्थ आले. रुमालाकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं.

"कोण हाय का हितं?"

"आहे. भाऊ येतोय."

"कुठवर आलाय?"

वैजयंतानं घड्याळ पाहिलं. "कऱ्हाडच्या अलीकडं असेल."

"आवो बाई, म्हंजे अजून दीड तास! तवर रिकामीच ठिवायची जागा?"

"हो," वैजयंता म्हणाली, आणि रुमाल जरा ओढून पूर्ण जागेवर पसरला.